केशरी पहारेकरी

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनाऱ्यापासून सुमारे ३५ किलोमीटर अंतरावर पॅसिफिक महासागरात सँटा कॅटलिना नावाचे एक डोंगराळ बेट आहे. तेथल्या ॲव्हलॉन गावाच्या छोट्या बंदरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून एका निराळ्याच प्रकारच्या होड्या प्रवाशांना फिरवीत आल्या आहेत. या होड्यांचा तळ काचेचा असतो. होडीत बसलेला माणूस वर आकाशाकडे किंवा दूर क्षितिजाकडे पाहत नाही. तो मान खाली घालून आपल्या पायांखालचा समुद्र पाहत असतो.

होडी किनारा सोडून खडकाळ भागावर आली, की काचेखालचे दृश्य हळूहळू पालटते. वाळूचा पिवळसर पट्टा संपतो. पाणी हिरवट होते. मग तपकिरी रंगाच्या लांबच लांब वनस्पती डोलताना दिसू लागतात. खडकही तपकिरी, वनस्पतीही तपकिरी, त्यांतून हिंडणारे बहुतेक मासेही करडे किंवा मळकट हिरवे. पाहणाऱ्याचे डोळे या मंद रंगांना सरावतात न सरावतात तोच खडकाच्या कपारीतून काहीतरी झळकते. झेंडूचे टपोरे फूल कोणी पाण्यात टाकावे आणि ते बुडण्याऐवजी जिवंत होऊन पोहू लागावे, तसा एक मासा समोर येतो. नखशिखान्त केशरी! अंगावर पट्टा नाही, ठिपका नाही, दुसऱ्या रंगाची एक रेघदेखील नाही. होडीतली मुले ओरडतात. मासा मात्र पळून जात नाही. तो तेथेच थांबतो, किंचित वळतो आणि वरून सरकणाऱ्या त्या प्रचंड सावलीकडे पाहत आपल्या खडकाभोवती एक फेरी घालतो. हा मासा म्हणजे गॅरिबाल्डी.

रंगीबेरंगी माशांचे नाव काढले, की उष्ण कटिबंधातील कोमट समुद्र आणि तेथील प्रवाळांचे खडक आपल्या मनासमोर उभे राहतात. आणि ते स्वाभाविकही आहे. गॅरिबाल्डी ज्या कुळातील आहे त्या कुळातले बहुतेक मासे अशाच उबदार पाण्यात राहतात. आपल्या मालवणच्या किनाऱ्यावर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांतही या कुळातले लहान पट्टेरी मासे आढळतात. परंतु गॅरिबाल्डीने आपल्या आप्तांची ही चाल सोडली आहे. त्याने घर केले ते समशीतोष्ण समुद्रात. उत्तरेकडून येणाऱ्या थंड प्रवाहामुळे कॅलिफोर्नियाचे पाणी हिवाळ्यात १३-१४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. कोकणच्या समुद्रात आनंदाने डुंबणाऱ्या माणसाला त्या पाण्यात पाऊल टाकताच हुडहुडी भरेल. या गार पाण्यात गॅरिबाल्डी नुसता जगला नाही, चांगला वाढला. त्याचे बहुतेक भाऊबंद हाताच्या बोटाएवढे राहिले. हा मात्र ३५ सेंटिमीटरपर्यंत पोहोचतो. त्या साऱ्या कुळात त्याच्याएवढा दांडगा मासा विरळाच.

ज्या तपकिरी वनात तो राहतो त्याचाही थोडा परिचय हवा. केल्प या नावाने ओळखली जाणारी ही एक महाकाय समुद्री वनस्पती आहे. तिला खरी मुळे नसतात. दोरांच्या जुडग्यासारख्या पंज्याने ती खडकाला घट्ट धरून बसते. तिच्या प्रत्येक पात्याच्या देठाशी हवेने भरलेला एक लहानसा फुगा असतो. अशा शेकडो फुग्यांच्या आधाराने ती सरळ वर उठते आणि पाण्याच्या पृष्ठभागावर पसरते. दिवस अनुकूल असले तर ती एका दिवसात अर्ध्या मीटरहूनही अधिक वाढते. बांबूची वाढ पाहून आपण आश्चर्य करतो, तसेच हे. वर पसरलेल्या पानोळ्यातून झिरपणारा उजेड खाली सोनेरी कवडशांच्या रूपाने उतरतो, आणि त्या कवडशात आला की गॅरिबाल्डी एखाद्या निखाऱ्यासारखा फुलतो.

त्याचे नाव मात्र समुद्रातले नव्हे. ते इतिहासातून आले आहे. इटलीच्या स्वातंत्र्याचा आणि एकीकरणाचा लढा लढणारा जुझेप्पे गॅरिबाल्डी हा वीर मराठी वाचकांना परका नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या आणि मॅझिनीच्या पराक्रमाच्या कथा महाराष्ट्रात मोठ्या आवडीने वाचल्या जात. गॅरिबाल्डी हा १८०७ साली नीस येथे एका दर्यावर्दी घरात जन्मला आणि स्वतःही खलाशीच झाला. पुढे दक्षिण अमेरिकेत लढत असताना त्याच्या सैनिकांनी लाल सदरे वापरण्यास आरंभ केला. हे लाल कापड मुळात खाटकांसाठी विणलेले होते आणि स्वस्तात मिळाले म्हणून घेतले, असे सांगतात. कारण काहीही असो, तो सदरा हेच त्यांचे निशाण झाले. १८६० साली सुमारे एक हजार स्वयंसेवक घेऊन गॅरिबाल्डी सिसिलीत उतरला आणि काही महिन्यांतच दक्षिण इटली त्याने मोकळी केली. मग जिंकलेला सारा मुलूख त्याने राजा व्हिक्टर इमॅन्युएल याच्या स्वाधीन केला आणि बियाण्याचे एक पोते घेऊन तो काप्रेरा या आपल्या खडकाळ बेटावर शेती करण्यास निघून गेला, असे म्हणतात. याच बेटावर १८८२ साली त्याचा अंत झाला.

लाल सदऱ्याच्या या वीराचे नाव एका माशाला मिळाले. काटेकोर माणूस म्हणेल, की मासा लाल नाही, केशरी आहे. म्हणेना! शास्त्रज्ञांनीही १८५४ साली त्याला लॅटिन नाव दिले ते 'लालसर' याच अर्थाचे. परंतु रंगाच्या साम्यापेक्षाही आणखी एक साम्य या नावात आहे, आणि ते नाव ठेवणाऱ्याच्या ध्यानात होते की नव्हते यावाचून काही अडत नाही. लाल सदरा घालून रणांगणावर उभा राहणारा सैनिक लपू इच्छीत नाही. आपण येथे आहोत, हे त्याला शत्रूला दाखवायचेच असते. गॅरिबाल्डी माशाचेही असेच आहे.

समुद्रात लपणे ही जगण्याची पहिली विद्या. वाळूवरचा मासा वाळूच्या रंगाचा होतो, शेवाळातला शेवाळासारखा दिसतो, अष्टपाद तर क्षणोक्षणी रंग बदलतो. अशा जगात या एका माशाने असा भडक वेष का धारण करावा? याचे उत्तर त्याच्या वागण्यात आहे. प्रत्येक प्रौढ गॅरिबाल्डीचे, मग तो नर असो वा मादी, स्वतःचे एक वतन असते. आकाराने ते एखाद्या घराच्या अंगणाहून मोठे नसते. त्यात रात्री शिरून निजण्यासाठी एक कपार असते आणि स्पंज, कृमी, लहान खेकडे असे अन्न मिळण्याजोगी खडकाची बाजू असते. या तेवढ्या जागेवर तो वर्षानुवर्षे राहतो. दुसरा गॅरिबाल्डी हद्दीजवळ आला, की तो पुढे सरसावतो. घशातील दात एकमेकांवर घासून तो खट् खट् असा आवाज काढतो. पाण्याखाली गेलेल्या पाणबुड्यांना हा आवाज स्पष्ट ऐकू येतो. त्यानेही भागले नाही तर तो अंगावर धावून जातो. शेजाऱ्याला ही वार्ता दुरूनच कळावी आणि प्रत्येक वेळी झुंज करण्याचा प्रसंग येऊ नये, यासाठी अंगावरच्या रंगाचा उपयोग होतो. पाण्यात तांबडा रंग लवकर विरतो, परंतु उथळ पाण्यात केशरी रंग तपकिरी वनाच्या पार्श्वभूमीवर लांबूनही उठून दिसतो. शेताच्या बांधावर रोवलेला दगड जे काम करतो, तेच हा रंग करतो. फरक इतकाच, की हा दगड हिंडता आहे आणि प्रसंगी चावतोही.

आता एक अडचण उभी राहते. सर्वच प्रौढ मासे आपापली वतने अशी राखून बसले, तर लहानांनी वाढावे कोठे? यावर निसर्गाने जो तोडगा काढला आहे तो मोठा गमतीचा आहे. गॅरिबाल्डीचे पिलू वडिलांसारखे निव्वळ केशरी नसते. त्याच्या केशरी अंगावर लखलखीत निळे ठिपके असतात आणि परांच्या कडाही निळ्या असतात. रात्रीच्या आकाशातील चांदण्या दिवसा दिसाव्यात, तसे ते ठिपके चमकतात. दिसण्यात पिलू हे प्रौढापेक्षाही सुंदर. पण हे सौंदर्य नुसते शोभेचे नाही. तो एक परवाना आहे. निळे ठिपके असलेले पिलू एखाद्या प्रौढाच्या हद्दीत शिरले, तर तो सहसा त्याच्यावर धावून जात नाही. हे लेकरू आहे, याच्यापासून आपल्या वतनाला धोका नाही, असे त्या ठिपक्यांवरून त्याला उमगते. देवळाच्या गाभाऱ्यात मोठ्यांना मज्जाव असला, तरी रांगते मूल आत गेले तर त्याला कोणी हटकीत नाही, तशातलाच हा प्रकार.

पण हा परवाना कायमचा नसतो. पिलू वाढते तसे ठिपके एकेक करून मावळतात. शेवटचा निळा ठिपका पुसला गेला, की त्याच दिवसापासून जग बदलते. काल ज्या खडकावर निर्धास्तपणे चरता येत होते तेथूनच आज खट् खट् असा आवाज येतो आणि मागोमाग धक्का बसतो. आता स्वतःची जागा स्वतः शोधावयाची. कित्येकांना ती लवकर मिळत नाही. चांगल्या कपारी आधीच कोणीतरी अडविलेल्या असतात. गॅरिबाल्डी दीर्घायुषी आहे, पंधरा वर्षांहूनही अधिक जगू शकतो. त्यामुळे जुने वतनदार लवकर हलत नाहीत.

जागा मिळालेल्या नराचे खरे काम मात्र पुढेच आहे. आपल्या हद्दीत लाटांपासून आडोसा असलेली खडकाची एक बाजू तो निवडतो आणि तेथे घरटे करू लागतो. या घरट्याला काडी लागत नाही की गवत लागत नाही. ते बांधावयाचे नसून राखावयाचे असते; पक्ष्याच्या घरट्यापेक्षा माळ्याच्या वाफ्याशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे. खडकाच्या त्या बाजूवर नाना प्रकारची शेवाळे, स्पंज, शिंपले, कृमींच्या नळ्या असे सारे माजलेले असते. नर ते सर्व तोंडाने उपटून काढतो. फक्त तांबडे शेवाळ तेवढे तो ठेवतो. ते वाढले की कुरतडतो, पुन्हा वाढले की पुन्हा कुरतडतो, आणि होता होता दोन-तीन सेंटिमीटर उंचीची एक मऊ तांबडी बिछायत तयार होते. शिंपल्याचा तुकडा येऊन पडला, तर तो तोंडात धरून हद्दीबाहेर नेऊन टाकतो. एखादा तारामासा रांगत आला, तर त्यालाही पकडून दूर सोडून येतो. साळिंदरासारखे काटे असलेला सी-अर्चिन नावाचा चेंडूच्या आकाराचा एक प्राणी आहे. त्याच्या वाटेला जाण्यास मोठमोठे मासे कचरतात. परंतु तो घरट्यावर आला, तर हा त्याचा एखादा काटा तोंडात धरतो आणि त्याला फरफटत घेऊन जातो. हात नाहीत, पाय नाहीत, हत्यार नाही. जे काही करावयाचे ते एका तोंडाने.

हे घरटे एका ऋतूनंतर तो मोडीत नाही. वर्षानुवर्षे त्याच जागी, त्याच तांबड्या शेवाळाची तो मशागत करीत राहतो.

वसंत ऋतू आला, पाणी थोडे उबदार झाले, की माद्या आपापली वतने सोडून पर उभारून हिंडू लागतात. कोठल्याही नराच्या हद्दीवरून मादी जाऊ लागली, की त्याची धांदल पाहण्यासारखी असते. तो वर झेपावतो, खाली येतो, गिरक्या घेतो, खट् खट् करतो आणि पुन्हा पुन्हा घरट्याकडे धावत जातो. जणू 'एकदा पाहा तरी' अशी विनवणी करीत असतो. आपल्याकडे सुगरण पक्ष्याची रीत अशीच आहे. तेथेही नर विहिरीवरच्या झाडाला अर्धवट घरटे विणतो आणि पंख फडफडवीत मादीला बोलावतो. मादी येते, आत-बाहेर निरखते आणि मनास आले नाही तर सरळ उडून जाते. गॅरिबाल्डीची मादीही तितकीच चोखंदळ. एकामागून एक ती अनेक घरटी पाहते, आणि एवढ्या सायासाने केलेल्या बिछायतीवर नुसती नजर टाकून पुढे निघून जाते.

तिची पसंती कशावर अवलंबून असते, याचा अभ्यास शास्त्रज्ञांनी केला तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट आढळली. नुकतीच घातलेली अंडी पिवळीधमक असतात. आतला जीव वाढू लागला, की ती करडी होतात. ज्या घरट्यात दुसऱ्या मादीची ताजी पिवळी अंडी आधीच आहेत, तेथे अंडी घालणे मादीला अधिक पसंत असते. रिकामे घरटे कितीही नीटनेटके असो, त्याकडे ती सहसा वळत नाही. ज्या दुकानात गिऱ्हाईक नाही त्या दुकानात गिऱ्हाईक शिरत नाही, हा बाजारातील अनुभव समुद्राच्या तळाशीही खरा ठरावा, हे नवलच. पुष्कळ अंड्यांत आपली अंडी असली तर संकट विभागले जाते आणि बापही अधिक निष्ठेने पहारा करतो, असे त्यामागचे कारण सांगितले जाते. ते तर्काला धरून आहे. परंतु पहिल्या मादीची वाट पाहणाऱ्या त्या नराला मात्र यामुळे फार तिष्ठावे लागते.

अखेरीस एक मादी उतरते आणि तांबड्या शेवाळावर अंडी चिकटवते. काम संपताच नर तिला तेथून हुसकावून लावतो. पाहणाऱ्याला हा कृतघ्नपणा वाटेल. पण त्याला कारण आहे. अंडी हे समुद्रातील उत्तम अन्न; आणि भुकेलेल्या मादीचाही त्यांवर डोळा असतो. येथून पुढे घरट्यात जे काही आहे त्याला राखणदार एकच.

हे राखणे दोन ते तीन आठवड्यांचे असते, आणि एका मादीची अंडी फुटण्याच्या आत दुसरी येऊन गेलेली असल्यामुळे उन्हाळाभर त्याला उसंत अशी मिळतच नाही. लहान मासे कळपाने येऊन घरट्याच्या कडेला घिरट्या घालतात. एकावर धावून जावे तो दुसरा मागून झडप घालतो. घरट्यापासून फार लांब गेल्यास उपयोग नाही, आणि मुळीच न गेल्यास शत्रू भीत नाही. या दोहोंमधले अंतर त्याला क्षणोक्षणी मोजावे लागते. तोही सजीव आहे, त्यालाही भूक आहे. परंतु पोटभर चरण्यासाठी दूर जाण्याची सोय नाही. एवढ्यात वरून एक प्रचंड काळी आकृती उतरते. तिच्या पाठीवर हवेचे नळकांडे आहे, तोंडातून बुडबुडे निघत आहेत. हा मनुष्य म्हणजे माशाच्या शंभरपटीहून मोठा. बाकीचे मासे दिसेनासे होतात. गॅरिबाल्डी मात्र पुढे येतो, त्याच्या तोंडासमोर उभा राहतो आणि हात जवळ आला तर त्यालाही चावा घेण्यास कमी करीत नाही.

याच निर्भयपणाने त्याचा पुष्कळदा घात केला. जो मासा पळत नाही तो धरण्यास सोपा. घरातल्या काचेच्या हौदात ठेवण्यासाठी रंगीत माशांचा व्यापार वाढला, तेव्हा निळ्या ठिपक्यांच्या पिलांना मागणी आली. ज्या ठिपक्यांनी त्यांना आपल्या जातीच्या रागापासून वाचविले होते, त्याच ठिपक्यांनी त्यांना माणसाच्या हौसेच्या जाळ्यात नेले. एक वतनदार उचलला गेला तर त्याची जागा दुसरा घेईलही. पण वर्षानुवर्षे मशागत केलेले तांबडे शेवाळ आणि त्यावरची त्या ऋतूतील अंडी ही कोणी भरून द्यावीत?

कॅलिफोर्नियातील लोकांना आपल्या या केशरी शेजाऱ्याची ओढ होती. १९९५ साली त्या राज्याने गॅरिबाल्डीला आपला सागरी राज्यमत्स्य म्हणून मान दिला. आज तेथे त्याला पकडण्यास कायद्याने बंदी आहे. गळाला चुकून लागला, तर सोडून द्यावा लागतो. अर्थात कायद्याची हद्द आणि माशाची हद्द एक नव्हे. त्याची वस्ती दक्षिणेस मेक्सिकोच्या बाजा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरही आहे, आणि तेथे कॅलिफोर्नियाचा कायदा चालत नाही.

शिवाय पकडल्यावाचूनही माशाचे नुकसान करता येते; आणि ते करणारा माणूस बहुधा प्रेमळच असतो. पाणबुड्याला गॅरिबाल्डीशी मैत्री करावीशी वाटते. तो खडकावरचा एक सी-अर्चिन सुरीने फोडतो आणि त्यातला मऊ गर हातावर धरतो. हे गॅरिबाल्डीचे आवडते खाद्य आहे, परंतु ते कवच फोडणे त्याच्या आवाक्याबाहेरचे. वास पाण्यात पसरतो. आजूबाजूच्या कपारींतून एक, दोन, चार केशरी मासे धावत येतात आणि अक्षरशः हातातून घास घेतात. पाणबुड्याचा सोबती छायाचित्र टिपतो. वर होडीत गेल्यावर ते दोघे ही हकीकत आनंदाने सांगतील, आणि ऐकणारे त्यांचा हेवा करतील. परंतु आलेल्या चार माशांपैकी एखादा नर असतो. कित्येक दिवसांच्या उपासमारीने त्याला भुलविलेले असते. त्याचे घरटे तिकडे खडकाच्या आड उघडे पडलेले असते. कडेला टपून बसलेल्या लहान माशांना एवढी संधी पुरे होते. छायाचित्र काढण्यास जितका वेळ लागतो त्याहून फार अधिक वेळ त्यांना लागत नाही. नर परततो. तांबडे शेवाळ जागच्या जागी असते. त्यावरचा पिवळा रंग मात्र ठिकठिकाणी उडालेला असतो. छायाचित्रात यांपैकी काहीच आलेले नसते.

पुष्कळ पाणबुडे आता ही गोष्ट जाणतात. मासा ज्या अंतरावर येऊन उभा राहील त्या अंतरावर ते थांबतात, हात आवरून धरतात, आणि तो खट् खट् करू लागला की मागे सरतात.

जी अंडी अशा सर्व संकटांतून वाचतात, ती फुटतात रात्री. सूर्य मावळला, की थोड्याच वेळात करड्या अंड्यांतून पारदर्शक, टाचणीच्या टोकाएवढे डोळे असलेली पिले निसटतात आणि वर वर जाऊ लागतात. एवढे दिवस ज्याने त्यांच्यासाठी रक्षण केले, त्याला या वेळी अंधारात काही दिसत असेल असे वाटत नाही. पिलांनाही तो ठाऊक नसतो. प्रवाह त्यांना उघड्या समुद्रावर नेतो. तेथे सुमारे तीन आठवडे ती सूक्ष्म जीवांच्या गर्दीत तरंगत राहतात. बहुतेक खाल्ली जातात. काही थोडी, अगदी थोडी, पुन्हा एखाद्या खडकाळ किनाऱ्याला लागतात, आणि मग त्यांच्या अंगावर निळे ठिपके उमटतात. तो किनारा जन्माचाच असेल असे नाही, बहुधा नसतोच.

शरद ऋतूत पाणी पुन्हा गार होऊ लागते. माद्या येईनाशा होतात. कॅटलिनाच्या बंदरात प्रवाशांची गर्दी ओसरते. काचेच्या तळाची होडी अर्धी रिकामीच निघते. खाली खडकाच्या आडोशाला तांबडी बिछायत मोकळी पडलेली असते. पण तिचा धनी तेथेच आहे. उन्हाळ्यात झिजलेले अंग भरून काढण्यासाठी तो खडक टोकरतो, मधूनच घरट्याकडे येतो, वाढलेले शेवाळ कुरतडतो, लाटेने आणून टाकलेला शिंपल्याचा तुकडा उचलून बाहेर ठेवून येतो. केल्पच्या पानांआडून निळ्या ठिपक्यांचे एक पिलू हद्दीच्या कडेने चरत चरत आत येते. तो वळून त्याच्याकडे पाहतो. ते कोणाचे, हे त्याला कळण्याचा काही मार्ग नाही. क्षणभर तो तसाच स्थिर राहतो, आणि मग पुन्हा आपल्या शेवाळाकडे वळतो. पिलू खडकावरचा एक कण टिपते आणि त्याच्या पुढून निघून जाते.